पिसे झडणारी कोंबडी विकू नका : हिवाळ्यापूर्वी कडधान्याचा खुराक

पावसाळा संपून दिवस लहान होऊ लागले की परसातील वर्षापेक्षा मोठ्या कोंबड्यांची पिसे झडू लागतात. तुरा आक्रसतो आणि अंडी बंद होतात. 'ही आता उतरली' असे समजून अनेक घरांत अशी कोंबडी मिळेल त्या भावाने विकली जाते. पुढे थंडीत अंड्यांना मागणी वाढते, तेव्हा विकायला अंडे नसते. दहा-बारा कोंबड्यांवर घरचा मीठ-मसाला आणि मुलांच्या वह्यांचा खर्च भागवणाऱ्या कारागीर कुटुंबाचे हे नुकसान टाळता येते. त्यासाठी काय करावे, हे आज आम्ही येथे मांडत आहोत.

कारण समजून घ्या

पिसात ८० टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. जुनी पिसे टाकून नवी उगवताना कोंबडीच्या अंगातील प्रथिने तिकडे खर्च होतात, म्हणून ती अंडी थांबवते. हा आजार नव्हे. खुराक चांगला असेल तर साधारण दोन ते तीन महिन्यांत ती पिसांनी भरून पुन्हा अंड्यावर येते. खुराक कमी पडला तर हाच काळ लांबतो.

मात्र ओळख नीट करावी. पिसे झडणारी कोंबडी हुशार असते, चरते, खाते. जी सुस्त बसते, हिरवट हगवण करते किंवा मान वाकडी करते तिला मानमोडी (राणीखेत) असू शकते. तिला वेगळी ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. अशी कोंबडी ऐब लपवून बाजारात नेणे व्यापारातही बसत नाही आणि दीनमध्येही नाही.

प्रथिने कोठून स्वस्त पडतात?

ज्वारी किंवा मक्यात सुमारे ९ ते १० टक्के प्रथिने असतात. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के लागतात. केवळ धान्य टाकून पोट भरते, ही तूट भरत नाही. मूग आणि तुरीत २२ ते २४ टक्के, तर सोयाबीनमध्ये ३८ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात.

हिशेब व्यापाऱ्याच्या पद्धतीने करा. भाव किलोचा पाहू नका, प्रथिनांचा पाहा. समजा, ज्वारी ३० रुपये आणि सोयाबीन ५० रुपये किलो आहे. ज्वारीतून एक किलो प्रथिने मिळवायला ३०० रुपये लागतील, सोयाबीनमधून सुमारे १३२ रुपये. वरवर महाग दिसणारा माल येथे निम्म्याहून स्वस्त ठरला. आपल्या बाजारचा भाव घालून हेच गणित करून पाहावे.

लातूर आणि मराठवाड्यातील वाचकांना आणखी एक सोय आहे. सोयाबीनची काढणी ऐन या हंगामातच होते, आणि डाळ मिलमधून तुरीची चुणी मिळते. चुणीत डाळीच्या कण्यांबरोबर टरफलही असते, म्हणून ती थोडीच मिसळावी. खडे-माती चाळून घ्यावी.

दहा किलोचे मिश्रण

१. मका किंवा ज्वारीचा भरडा : साडेपाच किलो
२. भाजून भरडलेले सोयाबीन : दोन किलो
३. तिळाची पेंड : एक किलो
४. तुरीची चुणी : एक किलो
५. गव्हाचा कोंडा : अर्धा किलो

यात सुमारे १८ टक्के प्रथिने येतात. तिळाची पेंड उगीच घातलेली नाही. पिसांसाठी मेथिओनिन नावाचा घटक फार लागतो. तो कडधान्यात कमी असतो, तिळात चांगला असतो. कोकणातील वाचक तिळाऐवजी सुकटीचा चुरा वापरू शकतात. तो मिठाचा नसावा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, कोंबडी गरजेप्रमाणे खाते.

बाहेर चरणाऱ्या कोंबडीला दररोज ४० ते ५० ग्रॅम मिश्रण पुरते. दहा कोंबड्यांना दहा किलो मिश्रण २० ते २५ दिवस जाते. पिसे झडू लागताच सुरू करावे आणि अंडी नियमित होईपर्यंत द्यावे. एकदम न बदलता आठवडाभरात हळूहळू वाढवावे.

या चुका महागात पडतात

कच्चे सोयाबीन कधीही देऊ नये. त्यात प्रथिने पचू न देणारा घटक असतो. पैसे जातात आणि कोंबडी खंगते. कढईत सतत हलवत, खमंग वास येऊन दाणा तांबूस होईपर्यंत भाजावे. किंवा रात्री भिजवून, पाणी टाकून, अर्धा तास उकळावे. उकळलेले त्याच दिवशी संपवावे. भिजवून मोड आणल्याने सोयाबीनचा हा दोष जात नाही. कच्चा राजमा तर विषारीच समजावा.

मोड आलेली मटकी-मूग चांगली, पण मूठभर मोडांत निम्म्याहून अधिक पाणी असते. ती भाजीपाल्यासारखी द्यावी, खुराकाच्या जागी नाही.

काढणीच्या पावसात भिजून काळे पडलेले, बुरशी आलेले सोयाबीन किंवा शेंगदाण्याची पेंड स्वस्त मिळते. ती घेऊ नये. बुरशीचे विष यकृत खराब करते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. घरी जनावरांसाठी आणलेली सरकी पेंडही कोंबड्यांना घालू नये. त्याने साठवलेल्या अंड्यातील बलक हिरवट पडतो आणि गिऱ्हाईक तुटते.

गरजेपेक्षा जास्त प्रथिने देऊनही फायदा नाही. जादा प्रथिने विष्ठेवाटे बाहेर पडतात, खुराड्यात उग्र वास सुटतो आणि कोंबड्यांच्या डोळ्यांना, श्वासाला त्रास होतो.

खुराकाबरोबर

जंताचे औषध आणि मानमोडीची लस थंडीपूर्वी, दवाखान्याच्या सल्ल्याने उरकावी. पंखाखाली उवा आहेत का पाहावे. अंड्यासाठी दिवसाला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो; डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांचाच असतो. नवी पिसे पूर्ण आल्यावर पहाटे दोन-तीन तास खुराड्यात एक लहान दिवा लावावा. त्याआधी लावू नये.

मांजरीला कोंडून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. जो प्राणी आपल्या घरच्या भाकरीत वाटा उचलतो, त्याचा अडचणीच्या दिवसांतील खुराक हा त्याचा हक आहे. या हंगामात कोंबडी विकण्याआधी तिला हा खुराक देऊन पाहा. किती दाणा गेला आणि किती अंडी आली, हे वहीत लिहून ठेवा. इन्शाअल्लाह, पुढच्या वर्षी कोणती कोंबडी ठेवायची आणि कोणती विकायची, हे ती वहीच सांगेल.