कोड आपला, दिशा कोणाची?

परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीला राहून मी आसपासच्या लहान संस्थांची संगणकावरची कामं सांभाळतो. पतसंस्था, जिनिंग, शेतकरी उत्पादक कंपन्या असे माझे ग्राहक. यांपैकी कुणाकडेही महागडं सॉफ्टवेअर विकत घ्यायला पैसा नाही. त्यामुळे मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वापरता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर, हाच इकडचा खरा आधार आहे. तो आधार टिकावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणूनच एका पतसंस्थेत जे घडलं ते सांगतो.

कर्जाचा अर्ज आला की लिपिक कागद तपासतो, जामीनदारांच्या सह्या होतात, शाखाधिकारी शेरा मारतात आणि शेवटी कर्ज उपसमिती मंजुरी देते. अर्ज आता कुणाच्या टेबलावर आहे आणि पुढे कुणाकडे जायचा, याचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला वर्कफ्लो इंजिन म्हणतात. या संस्थेने कर्जमंजुरीचं काम एका कंत्राटदाराकडून करून घेतलं होतं. पुढे थकबाकीच्या वसुलीसाठी, म्हणजे नोटीस, सुनावणी, सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला या सगळ्यासाठी, दुसरा कंत्राटदार आला. दोघांनीही फुकट मिळणारं जावा इंजिन घेतलं. इंजिनं एकाच कुळातली, पण नावं वेगळी. सर्व्हरचा खर्च वाचवायचा म्हणून दुसऱ्याने आपलं इंजिन पहिल्याच्याच डेटाबेसला जोडलं. टेबलांची नावं तीच दिसत होती, तेव्हा चालेल असा त्याचा समज झाला.

दुसऱ्या दिवशी शाखा उघडली आणि कर्जाचं काम सुरूच होईना. लिपिकाचा फोन आला, "सर, कालच्या फायली दिसंनात, आन् वसुलीचं मात्र चालू हाय." कारण सरळ होतं. ही इंजिनं सुरू होताना डेटाबेसमध्ये नोंदवलेला आवृत्ती-क्रमांक वाचतात. आपोआप सुधारणेची सोय चालू ठेवलेली असेल, तर नवं इंजिन जुनी टेबलं न विचारता बदलून टाकतं. मग जुन्या इंजिनला क्रमांक ओळखीचा वाटत नाही आणि ते सुरू व्हायला नकार देतं. हा नकार योग्यच असतो, नाहीतर नोंदींची खिचडी झाली असती. बॅकअपवरून कर्जाचा भाग परत उभा केला. मधल्या मंजुऱ्या मात्र उपसमितीच्या इतिवृत्तातून वाचून हाताने भराव्या लागल्या. कागदी इतिवृत्त होतं म्हणून निभावलं.

दोन जाणत्या माणसांनी एकाच प्रकारच्या कामासाठी दोन वेगळी इंजिनं का निवडली, हे समजून घ्यायला या कुळाचा इतिहास माहीत हवा. तो फारसा कुणी सांगत नाही.

मूळ प्रकल्प जेबीपीएम. टॉम बेयन्स यांनी तो उभा केला, जेबॉस या कंपनीने आपलासा केला आणि 2006 मध्ये जेबॉसच रेड हॅटकडे गेली. 2010 मध्ये बेयन्स आणि योरम बारेझ रेड हॅट सोडून अल्फ्रेस्को या कंपनीत गेले आणि त्यांनी अ‍ॅक्टिविटी हे नवं इंजिन सुरू केलं. जेबीपीएमच्या चार आवृत्त्यांनंतरचं हे पुढचं पाऊल, अशा भावनेने त्यांनी क्रमांक एकपासून न धरता पाचपासून धरला. तिकडे रेड हॅटने ड्रूल्स या आपल्या नियम-इंजिनाच्या पायावर जेबीपीएम 5 नव्याने बांधलं. कोडचा संबंध नसलेली दोन इंजिनं एकाच वेळी 'पाच' झाली.

अ‍ॅक्टिविटीत बर्लिनची कामुंडा ही कंपनी हातभार लावत होती. 2013 मध्ये तिने तोच कोड घेऊन स्वतःची वेगळी वाट धरली आणि क्रमांक दिला सात. 2016 च्या ऑक्टोबरात बारेझ आणि टाइस राडेमाकर्स हे अ‍ॅक्टिविटीचे मुख्य कारागीरच अल्फ्रेस्को सोडून निघाले आणि त्याच कोडमधून फ्लोएबल जन्माला आलं. अल्फ्रेस्कोने नव्या माणसांकडून क्लाउडसाठी अ‍ॅक्टिविटी 7 लिहायला घेतलं, 2020 मध्ये अल्फ्रेस्को स्वतः हायलंड या कंपनीने विकत घेतली. जेबीपीएमचाही सात झाला, 2023 च्या शेवटी फ्लोएबलचाही. म्हणजे "आम्ही आवृत्ती सातवर काम करतो" असं कुणी म्हणालं तर ती चार वेगळ्या गोष्टींपैकी कुठलीही असू शकते. वसुलीच्या कंत्राटदाराच्या प्रस्तावात नेमकं हेच वाक्य होतं, आणि संस्थेच्या संचालकांना वाटलं की आपल्याच जुन्या इंजिनाची नवी आवृत्ती येते आहे.

आमच्याकडे भावांच्या वाटण्या झाल्या की सातबारा फुटतो, पण विहीर बहुधा सामाईक राहते. इथे सामाईक उरलं ते टेबलांच्या नावांपुढचं 'एसीटी'. अ‍ॅक्टिविटीचं हा उपसर्ग कामुंडा 7 आणि फ्लोएबल दोन्हींत आजही तसाच आहे. त्या नावावर विसंबूनच तो डेटाबेस एकत्र केला गेला.

गोष्ट तिथे थांबली नाही. कामुंडाने 2022 मध्ये झीबी या वेगळ्याच इंजिनावर आठवी आवृत्ती आणली आणि सातव्या आवृत्तीची सर्वांसाठी खुली असलेली शाखा 2025 च्या ऑक्टोबरात 7.24 वर थांबवली. सातवर अवलंबून असलेल्यांनी ती पुढे चालवायला ऑपरेटन आणि सीआयबी सेव्हन असे फाटे, म्हणजे त्याच कोडच्या वेगळ्या वाटा, काढले. जेबीपीएम आता अपाची फाउंडेशनच्या इन्क्युबेटरमध्ये केआयई या नावाखाली आहे.

यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. प्रत्येक फाट्यामागे कारण होतं: कुणाला परवाना मोकळा हवा होता, कुणाला क्लाउड, कुणाला जुन्या ग्राहकांना वाऱ्यावर सोडायचं नव्हतं. फाटा काढता येणं हेच मुक्तस्रोताचं मोठं बळ आहे, नाहीतर 7.24 नंतर कित्येकांची कामं अडली असती. पण किंमत खरी आहे. तीच चूक तीन ठिकाणी तीनदा दुरुस्त करावी लागते, आणि एका फाट्यातली सुरक्षेची दुरुस्ती दुसऱ्यात आपोआप येत नाही. बर्लिनमधल्या कंपनीकडे माणसं असतात, परभणी जिल्ह्यातल्या पतसंस्थेकडे नसतात. परवाना आपल्याला कोड देतो. तो कोड उद्या कुठल्या दिशेला जाईल, हे ठरवण्याचा हक्क देत नाही. संस्थांनी पैसे देण्याआधी हे समजून घ्यायलाच हवं.

म्हणून मी आता इंजिनाच्या गुणांची यादी शेवटी वाचतो. आधी पाहतो की गेल्या वर्षभरात कोडमध्ये बदल करणाऱ्यांचा पगार कुठून येतो. सगळे एकाच कंपनीचे असतील, तर त्या कंपनीचा विचार बदलला की प्रकल्पाची दिशा बदलणार, हे गृहीत धरतो. याचा अर्थ ते इंजिन घ्यायचंच नाही असा नाही. बाहेर पडायचा रस्ता आधी मोकळा ठेवायचा, एवढंच.

तो रस्ता म्हणजे बीपीएमएन. कामाचा प्रवाह आकृतीत मांडायचं हे प्रमाण ओएमजी या मानक-संस्थेने 2011 मध्ये दुसऱ्या आवृत्तीत आणलं आणि 2013 मध्ये ते आयएसओ मानकही झालं. या कुळातली सगळी इंजिनं ते वाचतात. तरी प्रत्येकाने स्वतःची जोडपदं घातली आहेत: हे काम कुणाला द्यायचं, कुठला फॉर्म उघडायचा, कुठला जावा वर्ग चालवायचा, या गोष्टी त्या-त्या इंजिनाच्या खास नावांनी लिहिल्या जातात. इंजिन बदलताना हीच पदं अडतात. म्हणून आकृती शक्य तितकी शुद्ध ठेवावी. व्याजाचा हिशेब, जामीनदाराची पात्रता, तारण असे नियम इंजिनाच्या बाहेर, आपल्या स्वतःच्या कोडमध्ये ठेवावेत. अर्ज पुढे कुणाच्या टेबलावर जायचा, एवढंच इंजिनाने सांगावं.

पूर्ण झालेल्या प्रकरणांचा इतिहास इंजिनाच्या टेबलांत अडकवून ठेवू नये. अर्ज क्रमांक, कुणी मंजूर केलं, कधी केलं, शेरा काय होता, एवढं दररोज आपल्या साध्या टेबलात उतरवावं. लेखापरीक्षकाला तेच लागतं, आणि इंजिन उद्या बंद पडलं तरी ते वाचता येतं. प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर आपोआप सुधारणेची सोय बंद ठेवावी. टेबलं बदलायची असतील तर बॅकअप घेऊन माणसाने हाताने बदलावीत. दोन इंजिनांना एक डेटाबेस कधीच देऊ नये, नावं कितीही सारखी असोत.

आणि दुहेरी काम आपल्याच घरातही होतं, हे सर्वांत आधी पाहावं. या संस्थेत कर्ज आणि वसुली हे दोन विभाग एकमेकांना न विचारता वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे गेले होते. दोन्ही कामं एकाच कर्जदाराची, तरी कुणी एक कागद समोर ठेवला नव्हता. आता कार्यादेशात इंजिनाचं पूर्ण नाव, नेमका आवृत्ती-क्रमांक, परवाना आणि कोड कुठून घेतला हे लिहायला लावतो, आणि ते न वाचता सचिवांनी सही करू नये असा ठराव संचालक मंडळाने केला आहे. इंजिनात काही कमी आढळलं, तर आपली वेगळी प्रत करून त्यात दुरुस्ती घालण्याआधी ती मूळ प्रकल्पाकडे पाठवायची, हेही कंत्राटातच लिहिलं आहे. स्वतःची प्रत ठेवायचीच झाली, तर पुढच्या प्रत्येक सुरक्षा-दुरुस्तीची जबाबदारी कोण घेणार, त्या माणसाचं नाव तिथेच नोंदवायचं.