जुन्या ट्रॅक्टरचे स्टेअरिंग : दोष कसा शोधावा?



हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठी वसलेल्या नरसी नामदेव व आसपासच्या शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद ही प्रमुख पिके आहेत. नांगरणी, पेरणी, हळदीचे गादीवाफे आणि मालाची वाहतूक ही सर्व कामे आज ट्रॅक्टरवरच होतात. यातील बरेच ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे, काही तर त्याहूनही जुने आहेत. त्यांचे इंजिन अजून दणकट असते. परंतु ‘स्टेअरिंग हातात राहत नाही’, ‘ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो’, ‘पुढची चाके थरथरतात’ अशा तक्रारी हमखास ऐकू येतात.

अशा वेळी बहुधा अंदाजाने एखादा भाग बदलला जातो. टाय रॉडचा एंड नवा बसतो, चार दिवस बरे वाटते आणि तक्रार पुन्हा सुरू होते. याचे कारण असे की एकाच लक्षणामागे चार-पाच कारणे असू शकतात. म्हणून भाग बदलण्याआधी ठराविक क्रमाने तपासणी करावी. ही तपासणी जॅक, टेप, खडू व एक मदतनीस एवढ्या साहित्यावर शेतकऱ्याला घरीच करता येते.

पिकाशी याचा संबंध काय?

सोयाबीनची पेरणी ४५ सें.मी. अंतरावर केली आणि ३० सें.मी. पासाचे कोळपे चालवले, तर दोन्ही बाजूंना केवळ साडेसात सें.मी. जागा उरते. पेरणीयंत्राच्या एका फेरीतील ओळी समांतर पडतात; पण ट्रॅक्टर भरकटत चालला की दोन फेऱ्यांमधील जोड ओळ कुठे ३५ तर कुठे ५५ सें.मी. होते. अरुंद ठिकाणी कोळप्याची पास पिकाच्या मुळांना लागते आणि रुंद ठिकाणी तण राहते. रुंद सरी वरंबा पद्धतीत तर एक सरी वाकडी गेली की पुढच्या सर्व सऱ्या वाकड्या होतात. तास वाकडे गेले की आपण चालकाला बोल लावतो. दोष मात्र अनेकदा ट्रॅक्टरच्या पुढच्या आसात असतो.

स्टेअरिंगची साखळी

आपण फिरवतो ते स्टेअरिंगचे चक्र दांड्यामार्फत स्टेअरिंग बॉक्सला जोडलेले असते. बॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवर ड्रॉप आर्म बसतो. ड्रॉप आर्म ड्रॅग लिंकला पुढे-मागे ढकलतो आणि ड्रॅग लिंक पुढच्या चाकाच्या आर्मला फिरवते. चाक किंग पिनभोवती वळते. एका चाकाची हालचाल दुसऱ्या चाकाला टाय रॉड पोहोचवतो. काही ट्रॅक्टरांत दोन्ही बाजूंना स्वतंत्र ड्रॅग लिंक असते व आडवा टाय रॉड नसतो.

या साखळीतील प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते आणि ती एकमेकीत मिळत जाते. मिस्त्री तिलाच ‘प्ले’ म्हणतात. ड्रॉप आर्मच्या टोकाशी केवळ १ मि.मी. ढिलाई असली, तरी बॉक्समधील गिअरच्या प्रमाणामुळे ती स्टेअरिंगच्या कडेवर अंदाजे २ सें.मी. होते. स्टेअरिंगच्या कडेवर साधारण अडीच ते पाच सें.मी. मोकळा फेर चालतो. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. त्यापेक्षा जास्त असेल तर तपासणी आवश्यक समजावी.

तपासणीपूर्वीचे चार प्रश्न

१. दोष नुसत्या ट्रॅक्टरला आहे की ट्रॉली जोडल्यावरच येतो?
२. डांबरी रस्त्यावर येतो की शेतातही?
३. ब्रेक दाबल्यावरच ट्रॅक्टर ओढतो की एरवीही?
४. मागे जड अवजार उचलल्यावर स्टेअरिंग हलके पडते काय?

या उत्तरांवरून निम्मे काम होते. ट्रॉली सोडल्यावर दोष गेला तर तो ट्रॉलीत किंवा भार भरण्यात शोधावा. ब्रेक दाबल्यावरच ओढ येत असेल तर स्टेअरिंग उघडू नये. डाव्या-उजव्या ब्रेकची जुळणी करावी.

तपासणीचा क्रम

१) टायर व हवा : सर्वप्रथम टायर थंड असताना गेजने हवा मोजावी. दोन्ही पुढच्या टायरांत सारखी आणि दोन्ही मागच्या टायरांत सारखी हवा असावी. एका बाजूची हवा कमी असली की ट्रॅक्टर त्याच बाजूला ओढतो. मागच्या टायरांत पाणी भरलेले असल्यास दोन्हीकडे सारखे आहे याची खात्री करावी. टायरची झीजही दोष सांगते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मध्य झिजला असेल तर हवा जास्त. पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड झिजत असेल तर चाके पुढून गरजेपेक्षा जास्त आत वळलेली, आणि आतली कड झिजत असेल तर बाहेर वळलेली समजावीत. पुढच्या टायरवरील उभ्या पट्ट्या गुळगुळीत झाल्या असतील, तर ओल्या काळ्या जमिनीत चाक वळूनही ट्रॅक्टर सरळच घसरतो. हा दोष स्टेअरिंगचा नव्हे.

२) चाकाचे बेअरिंग व किंग पिन : ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद करावे, गिअरमध्ये टाकावा, हँडब्रेक लावावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावावेत. पुढचा आस जॅकने उचलून त्याखाली भक्कम ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. चाक वर व खाली धरून आत-बाहेर हलवावे. हबच आपल्या दांड्यावर हलत असेल तर बेअरिंग ढिले आहे. हबसह संपूर्ण दांडा हलत असेल तर किंग पिन किंवा तिचे बुश झिजले आहे. मदतनिसाने चाक हलवावे व आपण सांध्याजवळ पाहावे, म्हणजे फरक लगेच कळतो. बेअरिंगचा नट चाक फिरवत आवळावा, मग खिळीचे छिद्र जुळेपर्यंत थोडा मागे घ्यावा आणि नवीन स्प्लिट पिन घालावी. जास्त आवळलेले बेअरिंग तापते व लवकर जाते.

३) आसाची मधली पिन : पुढचा आस मध्यभागी ज्या पिनेवर डुलतो, तिच्याकडे फार जणांचे लक्ष जात नाही. इंजिनच्या पुढच्या ब्रॅकेटखाली जॅक लावून आस मोकळा करावा आणि पुढे-मागे ढकलून पाहावा. येथे ढिलाई असल्यास सर्व एंड नवे टाकूनही ट्रॅक्टर भरकटतच राहतो.

४) ड्रॅग लिंक व टाय रॉड : चाके जमिनीवर टेकलेली व इंजिन बंद ठेवावे. मदतनिसाने स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे हलवावे. आपण ड्रॉप आर्मपासून सुरुवात करून प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. ज्या सांध्याची एक बाजू हलते व दुसरी उशिरा हलते, तो सांधा झिजला आहे. झिजलेला एंड ठोकून किंवा वेल्डिंग करून चालवू नये; बदलावाच. टाय रॉड वाकला असेल तर तापवून सरळ करण्याऐवजी नवा घालावा.

५) स्टेअरिंग बॉक्स : याची पाळी शेवटी. आधी बॉक्समधील तेलाची पातळी, बॉक्सचे बोल्ट आणि ड्रॉप आर्मचा नट तपासावा. बॉक्सचे बोल्ट ढिले असतील तर संपूर्ण बॉक्सच हलतो आणि आत बिघाड असल्याचा भास होतो. हे ठीक असूनही दांडा फिरतो व ड्रॉप आर्म थांबून राहतो, तर ढिलाई आत आहे. समायोजनाचा स्क्रू असल्यास तो चाके सरळ असतानाच आणि थोडा थोडाच आवळावा. ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळ चालतो, म्हणून आतील गिअरची झीज मध्यभागी जास्त असते. मधली सगळी ढिलाई काढायला गेलो तर पूर्ण वळणावर स्टेअरिंग अडकते. म्हणून स्क्रू आवळल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. कुठेही घट्ट लागले तर स्क्रू परत मागे घ्यावा आणि बॉक्स जाणकार मिस्त्रीकडून उघडून घ्यावा.

६) टो-इन : सर्व ढिलाई काढल्यावरच हे माप घ्यावे. चाके सरळ ठेवून दोन्ही पुढच्या टायरांवर पुढील बाजूस हबच्या उंचीवर, मध्यभागी खडूने खूण करावी व अंतर मोजावे. ट्रॅक्टर पुढे ढकलून त्याच खुणा मागील बाजूस हबच्या उंचीवर आणाव्यात व पुन्हा मोजावे. पुढील अंतर मागील अंतरापेक्षा किंचित कमी असावे. बऱ्याच ट्रॅक्टरांत हा फरक ३ ते ६ मि.मी. च्या दरम्यान असतो. आपल्या ट्रॅक्टरसाठी पुस्तिकेतील माप पाळावे. आंतरमशागतीसाठी पुढच्या चाकांतील अंतर बदलले असेल तर टाय रॉडची लांबीही बदलावी लागते व टो-इन नव्याने पाहावे लागते.

लक्षणे व संभाव्य कारणे

• स्टेअरिंग जड : पुढची हवा कमी, किंग पिनला ग्रीस नाही, बॉक्समध्ये तेल नाही किंवा स्क्रू जास्त आवळला आहे.
• स्टेअरिंग हलके, पुढची चाके उचलल्यासारखी : मागचे अवजार जड आहे. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. त्यासाठी पुढे वजने लावावीत.
• चाके थरथरणे : ढिले बेअरिंग, झिजलेली किंग पिन, चुकीचे टो-इन किंवा वाकडी रिम.
• सरळ न चालता भरकटणे : मधली पिन, एंड किंवा बॉक्समधील ढिलाई.
• एका बाजूला कायम ओढ : असमान हवा, कमी-जास्त झिजलेले टायर किंवा एका बाजूचा चिकटलेला ब्रेक.

दोष ट्रॉलीत असेल तर

दोन चाकी ट्रॉलीत भार आसाच्या किंचित पुढे असावा. हळदीची किंवा सोयाबीनची पोती मागच्या बाजूला जास्त रचली तर ट्रॉलीचा हूक ट्रॅक्टरला मागून वर उचलतो. मागच्या चाकांची पकड कमी होते व ट्रॉली डोलू लागते. पोती फार पुढे रचली तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि चढावर स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारला किंवा कंपनीने दिलेल्या हुकालाच जोडावी. वरच्या लिंकच्या जागी जोडल्यास ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका असतो. हुकाची पिन व तिचे छिद्र झिजले असल्यास बदलावे, पिनेला खीळ घालावी आणि सोबत साखळी लावावी. उतारावर गिअर काढू नये. वळणावर जोरात ब्रेक दाबू नये, कारण मागचा भार ट्रॅक्टरला आडवा ढकलतो. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने एकत्र जोडलेलीच ठेवावीत.

येथे एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजूर महिलांना घेऊन जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली आणि सात महिलांचा मृत्यू झाला. त्या आपल्याच जिल्ह्यातील वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या होत्या व हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. अपघाताचे कारण ठरवणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. आपण एवढे निश्चित करू शकतो की ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. कायदाही तेच सांगतो. आपल्या भागात विहिरींना कठडे नाहीत, बांधावरच्या वाटा अरुंद आहेत. आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी नरसीचे रस्ते पायी वारकऱ्यांनी भरून जातात. अशा ठिकाणी स्टेअरिंगमधील हातभर ढिलाई जिवावर बेतू शकते.

निगा आणि सुटे भाग

काळ्या जमिनीतील चिखल सांध्यात शिरून वाळला की तो कानशीसारखे काम करतो. म्हणून पावसाळी कामानंतर पुढचा आस धुऊन, जुने ग्रीस बाहेर पडेपर्यंत ग्रीसगनने नवीन ग्रीस भरावे. कामाच्या दिवसांत दर दहा तासांनी ग्रीस देण्याचा नियम ठेवावा. निप्पल बुजले असल्यास बदलावे; त्याची किंमत किंग पिनच्या मानाने नगण्य आहे.

काही जुन्या बनावटींचे उत्पादन थांबले आहे. उदाहरणार्थ, १९७१ पासून पिंजोर येथे तयार होणाऱ्या एचएमटी ट्रॅक्टरचा विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. अशा ट्रॅक्टरचा भाग घेताना जुना भाग सोबत न्यावा, टोकाचा निमुळता भाग व आटे जुळवून पाहावेत आणि ‘जवळपास बसतो’ असा भाग स्टेअरिंगला कधीही लावू नये.

ट्रॅक्टर ताबडतोब केव्हा थांबवावा?

एंड निखळू पाहत असेल, स्प्लिट पिन नसेल, ड्रॉप आर्मचा नट ढिला असेल, स्टेअरिंग मध्येच अडकत असेल किंवा पुढच्या आसाला तडा दिसत असेल, तर ‘एवढी खेप झाल्यावर पाहू’ असे म्हणू नये. ट्रॅक्टर तेथेच उभा करावा व मिस्त्रीला जागेवर बोलवावे.

सारांश, आधी हवा, मग बेअरिंग व किंग पिन, नंतर मधली पिन, एंड, बॉक्स आणि शेवटी टो-इन हा क्रम लक्षात ठेवावा. बिनखर्चाची तपासणी आधी व खर्चाची नंतर, हेच त्यामागचे सूत्र आहे. मे महिन्यात, हळद लागवड व खरीप पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी, अर्धा दिवस काढून प्रत्येकाने आपला ट्रॅक्टर व ट्रॉली या क्रमाने तपासून घ्यावी.