केळवे येथील प्रेक्षणीय स्थळे

केळवे हे पालघर जिल्ह्यातील समुद्रकाठचे गाव होय. पश्चिम रेल्वेच्या केळवे रोड स्थानकावरून पश्चिमेस गेले असता पानवेलींच्या व नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. पुढे शीतलादेवीचे मंदिर, त्यालगतचे रामकुंड आणि सुरूच्या बनापलीकडे विस्तीर्ण किनारा दिसतो.

या बनातच पोर्तुगीजांनी बांधलेला लहानसा भुईकोट आहे. इ. स. १७३९ च्या जानेवारीत, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, माहीम, केळवे, शिरगाव व तारापूर ही ठाणी मराठ्यांनी जिंकली. पुढे हा कोट ओस पडला व वाऱ्याने आलेल्या वाळूत बराचसा गाडला गेला. अलीकडे दुर्गप्रेमींनी श्रमदानाने वाळू उपसली, तेव्हा त्याची तटबंदी पुन्हा दृष्टीस पडली.

दुसरा कोट पाण्यात आहे. ओहोटीच्या वेळी तेथवर चालत जाता येते. परंतु भरती येताच परतीची वाट बुडते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून कालच्या वेळेवर विसंबू नये. शिक्षकांनी गावातील कोळी बांधवांस विचारल्यावाचून मुलांना तेथे नेऊ नये.

वाळूने झाकलेला तट श्रमाने उघडा करता येतो. परंतु नाव कोरून विद्रूप केलेला दगड पूर्ववत होत नाही. विद्यार्थ्यांनी कोट पाहावा, त्याचा नकाशा काढावा आणि एकही दगड न हलविता परतावे.

प्रश्न : १. भुईकोट वाळूत का गाडला गेला? २. पाणकोटास जाताना कोणती दक्षता घ्यावी?