श्रीजेश निवृत्त झाला, आता सामना कोणासाठी बघू?

प्रश्न : मी नववीत आहे. गावात सगळे क्रिकेटवेडे, हॉकीवाला मी एकटाच. श्रीजेश निवृत्त झाल्यापासून सामन्यात मन लागत नाही. मित्र चिडवतात. काय करू?
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : मित्रा, निवृत्तीनंतरही तुझ्या खेळाडूने मैदान सोडलं नाही. ८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्पेनला २-१ ने हरवून कांस्यपदक मिळवल्यावर गोलरक्षक श्रीजेशने निवृत्ती घेतली आणि तो भारताच्या ज्युनिअर संघाचा प्रशिक्षक झाला. त्याच वर्षी ज्युनिअर संघाच्या मुलांनी पाकिस्तानला हरवून ज्युनिअर आशिया चषक जिंकला. म्हणजे तुला आता एक नवा संघ मिळाला आहे, तोही जवळपास तुझ्याच पिढीचा.

आपल्या मातीतले खेळाडूही बघ. खडकीचा धनराज पिल्ले चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. ऑलिंपिक पदक त्याला मिळालं नाही, तरी चाहते हटले नाहीत. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडून भारताकडून खेळली.

पुढचा सामना बघताना चेंडूवरची नजर काढ. एक पूर्ण सत्र, म्हणजे पंधरा मिनिटं, फक्त गोलरक्षकाकडे बघ. तो बचावपटूंना कधी ओरडून हलवतो, पेनल्टी कॉर्नरला कुठे उभा राहतो, हे वहीत टिपून ठेव. संघ हरला तर कारणही लिही. हळहळ लवकर ओसरेल.

मित्रांशी वाद घालू नकोस. त्यांना एक सामना शेजारी बसवून दाखव.