टर्बो गाडीचे ट्यूनिंग : आधी हरवलेली ताकद शोधा

नवी मुंबईच्या गॅरेजवाल्यांकडे अलीकडे एक वेगळे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. त्याच्या गाडीत बिघाड असा काही नसतो. गाडी टर्बोची, वय पंचवीस-तीस आणि मागणी एकच, "उस्ताद, पिकअप वाढवून द्या." पाम बीच रोडवर मित्राची गाडी पुढे निघून गेलेली असते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पूर्वी अशा मागणीला आपल्याजवळ उत्तर होते. कार्बोरेटरचा जेट बदलला, डिस्ट्रिब्युटर जरा फिरवून टायमिंग पुढे घेतले, कानाने ऐकले की काम झाले. टर्बो गाडीत मात्र नुसत्या कानावर काम केले तर इंजिन फुटते आणि त्याचा खर्च गाळ्याच्या मालकाच्या गळ्यात पडतो. तेव्हा हे काम हाती घेण्यापूर्वी कारागीर बंधूंनी त्यामागचे शास्त्र समजून घ्यावे.

टर्बोचे काम एका वाक्यात सांगता येते. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा इंजिनात कोंबते. जास्त हवा गेली की जास्त इंधन जाळता येते आणि ताकद वाढते. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेतो आणि तो तरंगतो केवळ तेलाच्या पातळ थरावर. म्हणून टर्बो गाडीत तेलाची प्रत आणि ते बदलण्याची मुदत यांत कसूर चालत नाही. जोरात पळवून आणलेली गाडी लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे सुरू ठेवावी, हे गिऱ्हाइकालाही सांगावे.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरची हवा ३५ अंश धरा. टर्बोने ती दुप्पट दाबाला नेली की ती तापून १३० अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे दाब दुप्पट दिसला तरी हवेचे वजन दुप्पट होत नाही. इंटरकूलरने तीच हवा ५५ अंशांवर आणली तर त्याच दाबात सुमारे २३ टक्के जास्त हवा मावते. इंटरकूलरची जाळी तळोजाच्या धुळीने आणि चिखलाने भरली असेल, तर मालकाने ही ताकद आधीच गमावली आहे. अशा गाडीत चिप बसवणे म्हणजे भोक पडलेल्या टाकीत पाणी भरणे होय.

एक उदाहरण सांगतो. पनवेलहून १.३ लिटर डिझेल इंजिनाची एक जुनी गाडी आमच्या गाळ्यात आली. मालकाला चिप बॉक्स बसवायचा होता, पैसेही तयार होते. आम्ही स्कॅनर लावून गाडी चालवली. ईसीएम २.१ बार दाब मागत होते आणि प्रत्यक्षात १.५ च मिळत होता. स्मोक टेस्ट केली, तर इंटरकूलरच्या खालच्या होस पाईपला क्लॅम्पजवळ चीर सापडली. पाईप बदलला, इंटरकूलर धुतला, हवेचा फिल्टर नवा टाकला. मालक चक्कर मारून आला आणि विचारू लागला, "किती घोडे वाढवले?" एकही नाही वाढवला, कंपनीने दिलेले परत आणले, एवढेच. त्या दिवशी चिप बॉक्सचा नफा गेला हे खरे. पण त्यानंतर त्याच मालकाने आणखी तीन गाड्या पाठवल्या.

आमच्या मते या धंद्याचा मोठा हिस्सा इथेच आहे. दहा-पंधरा वर्षे चाललेल्या टर्बो गाड्यांत फाटलेले पाईप, काजळीने अडकलेल्या टर्बोच्या पात्या, घाणीने माखलेला हवामापक सेन्सर, झिजलेले इंजेक्टर हे नेहमीचे दुखणे. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर आणि न्हावाशेव्याच्या कंटेनर गाड्यांत तर हे काम रोजचे आहे. याला धाडस लागत नाही, नीट तपासणी लागते.

तरीही एखाद्याला मूळ ताकदीपेक्षा जास्त हवीच असेल, तर पेट्रोल आणि डिझेल यांतला फरक पक्का असला पाहिजे. इथे अनेक जुने हात चुकतात. पेट्रोलच्या इंजिनात पूर्ण दाबावर इंधन कमी पडले की उष्णता वाढते. डिझेलमध्ये उलट, इंधन जास्त झाले की उष्णता वाढते. डिझेल गाडीने काळा धूर सोडला की पोरे खूश होतात. पण तो धूर म्हणजे न जळलेले इंधन, पैशाची राख. टर्बोच्या आधी धुराचे तापमान सतत ७०० अंशांपुढे राहू लागले तर हात आखडता घ्यावा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याही आधी मऊ पडतो. तेल आणि पाणी पिस्टनची उष्णता ओढून नेतात, म्हणूनच तो टिकतो.

पेट्रोलमध्ये खरा शत्रू नॉकिंग. ठिणगी पडल्यावर ज्योत पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम पेट घेते आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा घाव बसतो. दाब वाढवला, हवा गरम राहिली, टायमिंग पुढे घेतले, की ही शक्यता वाढते. साध्या पेट्रोलला १ भाग इंधनास १४.७ भाग हवा वजनाने लागते, पूर्ण दाबावर मिश्रण १२ च्या आसपास घट्ट ठेवतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे, त्याचा मूळ आकडाच १३.५ च्या जवळ येतो. परदेशी गाडीसाठी, तिथल्या ९८ ऑक्टेन पेट्रोलवर बनवलेली मॅपची फाईल लॅपटॉपमधून आपल्या गाडीत ओतणे किती धोक्याचे आहे, ते यावरून कळावे. ओळखीच्या एका गाळ्यात असेच झाले. आठवडाभर गाडी विमानासारखी पळाली. मग एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेले. पिस्टन काढला तर दोन रिंगांमधली भिंतच तुटलेली होती. मालकाने नवे इंजिन मागितले. कागदावर काहीच लिहिलेले नव्हते, त्यामुळे चूक कोणाची हे शेवटपर्यंत ठरले नाही आणि खर्च कारागिराने सोसला.

सगळ्यात कच्चा दुवा कोणता

ताकद किती वाढवावी, याचे उत्तर टर्बोत नसून साखळीतल्या सर्वांत कमजोर भागात असते. पुण्याजवळ रांजणगावला बनलेले १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन घ्या. टाटाच्या व्हिस्टात ते ७५ अश्वशक्तीचे आले आणि मांझात ९० चे. पण त्या १५ अश्वशक्तीसाठी कंपनीने नुसते संगणकातले आकडे बदलले नाहीत. ९० च्या इंजिनाला पात्यांचा कोन बदलणारा टर्बो दिला, ७५ ला साधा. आपण साध्या टर्बोकडून फक्त मॅप बदलून तेवढेच काम मागतो, तेव्हा तो आपल्या ताकदीबाहेर फिरतो.

दुसरे उदाहरण चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचे. तिच्या १.५ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन मीटर. तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला, म्हणजे कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजीला, कंपनीने सांगितलेली मर्यादाही २५० च. इंजिन कदाचित ३०० सोसेल, गिअरबॉक्सचे काय? गिऱ्हाईक हा प्रश्न विचारत नाही. तो आपण विचारायचा असतो.

मोजमापाशिवाय आकडा सांगू नये. आधी आणि नंतर डायनोवर गाडी चढवून दोन्ही कागद हातात द्यावेत. मापातली खोट फक्त तराजूतच होते असे नाही. "वीस घोडे वाढले" म्हणून पैसे घेणे आणि कागद न दाखवणे, हीही तीच खोट.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातले तपशील आणि कंपनीने मुळात ठरवलेली रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली बेकायदा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर दावा अडकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाईप टाकून द्या म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणावे. ज्याला खरोखर शर्यत करायची आहे त्याने ती जागा धरावी : चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरची कारी स्पीडवे, किंवा लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या शर्यतींसारखा मेळावा. पाम बीच रोड ही ती जागा नव्हे. रस्त्यावर रात्री दूधवाला असतो, पहाटे फिरायला निघालेली म्हातारी माणसेही असतात.

प्रत्यक्ष कामाला बसताना प्रथम कॉम्प्रेशन घ्यावे. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ नसतील तर तिथेच थांबावे. मग तेलाचा दाब, मग हवेची गळती, मग इंटरकूलर, प्लग आणि इंजेक्टर. कंपनीचा मूळ मॅप वाचून दोन ठिकाणी जपून ठेवावा. नवा मॅप थोडा-थोडा चढवावा आणि प्रत्येक पायरीला दाब, मिश्रण, नॉकिंग व हवेचे तापमान यांची नोंद घ्यावी. ही चाचणी थंड डिसेंबरच्या रात्री नको, भर दुपारी व्हावी. डिसेंबरात जमलेला मॅप मे महिन्यात पिस्टन खातो. बिलावर गाडीचे किलोमीटर, आधीचे कॉम्प्रेशन, केलेले बदल, वापरायचे पेट्रोल आणि तेल हे सर्व लिहून मालकाची सही घ्यावी. सही देणार नसेल त्याची गाडी घेऊ नये.

पेट्रोल गाडी दोन हजार किलोमीटरनंतर मोफत तपासणीला बोलवावी आणि प्लग काढून भिंगाखाली धरावा. चिनी मातीवर मिरपुडीसारखे बारीक चमकते ठिपके दिसले, तर पिस्टनचे ॲल्युमिनियम उडू लागले आहे. मालक कितीही खूश असला तरी मॅप त्याच दिवशी मागे घ्यावा.