चकती जोडणे, चकती सोडणे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या चकत्यांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु हिशेबाची वही कशी उघडावी आणि कशी मिटावी हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात. आज ती वही चकतीवर असते, एवढाच फरक. लिनक्स या युनिक्सच्या वळणाच्या प्रणालीवर फ्लॉपी व हार्ड डिस्क वापरात कशी आणतात, ते प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन व डेनिस रिची ही त्यामागची प्रमुख नावे. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. विंडोजमध्ये ए, सी, डी अशी अक्षरे म्हणजे प्रत्येक चकतीचे वेगळे बिऱ्हाड. युनिक्समध्ये घर एकच. 'रूट' या एका मुळापासून सर्व डिरेक्टरींचे झाड फुटते, आणि नवी चकती त्यातल्या एखाद्या रिकाम्या फांदीवर जोडावी लागते. याला 'माउंट' म्हणतात. (मराठीत जोडणे, कन्नडमध्ये 'जोडिसु'; आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांना एकच शब्द पुरावा!)

चकती स्वतःदेखील प्रणालीला 'डेव्ह' डिरेक्टरीतली एक फाइल म्हणूनच दिसते. संगणकाच्या आतला फ्लॉपी ड्राइव्ह म्हणजे 'एफडी०', पहिली हार्ड डिस्क बहुधा 'एसडीए', तिचा पहिला भाग 'एसडीए१'. यूएसबीने जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मात्र 'एफडी०' होत नाही; तो हार्ड डिस्कच्या पंगतीत 'एसडीबी' वगैरे नावाने बसतो. म्हणून आधी 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन कोणते नाव किती मापाचे आहे ते पाहावे. साडेतीन इंची फ्लॉपीचे माप सहज ओळखू येते: ८० मार्ग, २ बाजू, प्रत्येक मार्गावर १८ खंड, खंडात ५१२ बाइट; गुणाकार १४,७४,५६०.

हे सारे मी शिकलो ते आमच्या मामांच्या अडत दुकानामुळे. दुकानाचे १९९७ ते २००१ या वर्षांचे हिशेब अकरा फ्लॉपींवर आहेत. जुन्या भागीदाराच्या मुलांना त्यांच्या वडिलांच्या भांडवल खात्याची बाकी हवी होती आणि कागदी प्रत कोणाकडेच नव्हती. त्यापूर्वी एका दुरुस्तीवाल्याने एक फ्लॉपी त्याच्या संगणकात घातली होती. 'फॉरमॅट करू का?' असे यंत्राने विचारले, त्याने 'हो' म्हटले, आणि एका वर्षाची खतावणी गेली. राहिलेल्या दहांना हात लावण्याआधी मामांनी मला तीनदा बजावले.

अशा वेळी पहिली काळजी यंत्राबाहेरची. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी ठेवावी. ती उघडी असताना ड्राइव्ह फ्लॉपीवर लिहीत नाही. नंतर 'डीडी' आज्ञेने फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल हार्ड डिस्कवर उतरवावी. यात 'आयएफ' म्हणजे कोठून आणि 'ओएफ' म्हणजे कोठे. नावे आणि जमा उलटे पडले तर ताळेबंद फक्त चुकतो. इथे मूळ प्रतच पुसली जाते. नक्कल झाली की मूळ फ्लॉपी डब्यात ठेवून द्यावी आणि ती नक्कलच 'लूप' पद्धतीने, केवळ वाचनासाठी, म्हणजे 'आरओ' हा पर्याय देऊन जोडावी. आमच्या दहांपैकी आठ फ्लॉपी पूर्ण उतरल्या. दोनांचे काही खंड वाचता आले नाहीत. बाकी मात्र सापडली.

वारंवार लागणाऱ्या चकत्यांची नोंद 'ईटीसी' डिरेक्टरीतल्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये करतात. ही सहा रकान्यांची वही आहे: चकतीचे नाव, जोडण्याची जागा, फाइलरचनेचा प्रकार, पर्याय आणि शेवटी दोन आकडे. पहिला आकडा 'डम्प' या जुन्या आज्ञेसाठी, तो शून्यच ठेवावा. दुसरा तपासणीचा क्रम: मूळ चकतीला १, इतरांना २, फ्लॉपीला ०. हार्ड डिस्क येथे 'एसडीए१' अशा नावाने न लिहिता तिच्या 'यूयूआयडी' या कायम क्रमांकाने लिहावी, कारण यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर नावांची अदलाबदल होऊ शकते. फ्लॉपीच्या ओळीत 'नोऑटो' हवेच. नाहीतर फ्लॉपी आत नसताना यंत्र सुरू होताना अडून बसण्याचा संभव असतो. 'यूजर' लिहिले की सामान्य वापरणाऱ्यालाही ती जोडता येते. काहीजण हेच काम स्वतःला 'डिस्क' गटात घालून साधतात. मला ते अजिबात पटत नाही: त्या गटातल्या माणसाला फाइलींच्या सर्व परवानग्या ओलांडून सबंध हार्ड डिस्क वाचता-लिहिता येते. कारकुनाला एक कपाट उघडायचे म्हणून तिजोरीची किल्ली देण्यासारखे झाले.

फाइलमध्ये बदल केल्यावर 'माउंट' आज्ञा '-ए' जोडून चालवून पाहावी. 'नोऑटो' सोडून बाकीच्या ओळींतली चूक यंत्र बंद करण्याआधीच कळते.

राहिले सोडणे. लिनक्स आपण लिहिलेले तत्काळ चकतीवर उतरवत नाही. काही काळ स्मृतीत धरून मग एकदम लिहिते. कीर्दीत नोंद झाली, खतावणी व्हायची आहे, अशी ती अवस्था. तेवढ्यात फ्लॉपी ओढून काढली तर नोंद अर्धवट राहते. म्हणून आधी 'यूमाउंट', मग ड्राइव्हचा दिवा विझेपर्यंत थांबणे. (आज्ञेत 'अन' नव्हे, नुसता 'यू', नवखे हमखास अडखळतात.) 'चकती वापरात आहे' असे उत्तर आले तर बहुतेक वेळा आपणच त्या डिरेक्टरीत उभे असतो, 'सीडी' म्हणून बाहेर यावे आणि पुन्हा सोडावे.