‘मी तेथे होतो’ : श्रोत्याच्या साक्षीविषयी



निवृत्त प्राध्यापकाकडे वार्षिकासाठी लेख मागितला की तो बहुधा उपदेश करतो. मला आज उपदेशाऐवजी एक दुरुस्ती करावयाची आहे. मानसशास्त्राच्या वर्गात ‘स्मरण’ हे प्रकरण शिकवताना मी जवळजवळ तीस वर्षे एक गोष्ट सांगत आलो. त्या गोष्टीतील मुख्य विधान खोटे होते, आणि ते खोटे आहे हे मलाच ठाऊक नव्हते. गेल्या वर्षी ते उघडकीस आले. ज्या प्रकरणाचे उदाहरण म्हणून मी ती सांगत होतो, त्याच प्रकरणाचे ती उलट बाजूने उदाहरण ठरली. म्हणून हा प्रपंच.

मी मूळचा जुनी इंदूरचा. होळकरांची राजधानी १८१८ साली इंदुरात आली, त्याच्याही कितीतरी आधीपासूनची ही वस्ती. नदीकाठ, शनिमंदिर, जमीनदारांचा रावळा आणि दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने बाजूला व्हावे अशा गल्ल्या. नोकरीनिमित्त मी बेळगावकडे आलो. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ साली माळव्यात देवासला गेले आणि तिकडचेच झाले. मी माळव्यातून इकडे आलो आणि इकडचाच झालो. गाण्याच्या हिशेबात या अदलाबदलीत फायदा कोणाचा झाला, हे सांगावयास नको.

इंदूरच्या मराठी घरांत ऐकलेल्या मैफलींच्या आठवणी सांगणे हा रात्रीच्या जेवणानंतरचा नित्याचा कार्यक्रम असे. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांचे घर याच शहरात. त्यामुळे ‘खाँसाहेबांना मी ऐकले आहे’ असे म्हणणारा एक तरी मनुष्य प्रत्येक गल्लीत भेटे. माझीही एक आठवण होती. १९६२ च्या गणेशोत्सवात, मी नऊ वर्षांचा असताना, वडिलांबरोबर एका वाड्यात रात्रभर गाणे ऐकले, अशी. गवयाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न त्यांच्या गाण्याचा नसून माझ्या ऐकण्याचा आहे. तंबोऱ्याची हिरवी गवसणी, गवयासमोरचे तांब्याचे फुलपात्र, उदबत्तीचा वास, आणि झुमऱ्याच्या चौदा मात्रा माझ्या पाठीवर हलकेच मोजणारा वडिलांचा हात – हे सारे मी वर्गात रंगवून सांगत असे. ‘तीव्र भावनेच्या क्षणी घडलेले मनुष्य विसरत नाही’, हा त्यातून काढलेला धडा.

ओट्यावरची तीन कथने

२०२५ च्या फेब्रुवारीत जुनी इंदूरचे आमचे घर रिकामे करण्यासाठी गेलो होतो. संध्याकाळी पुतण्या आणि त्याचे दोन मित्र ओट्यावर बसून बोलत होते. अहमदाबादच्या नरेंद्र मोदी मैदानावर २५ व २६ जानेवारीला ‘कोल्डप्ले’ या इंग्रज रॉक बँडचे कार्यक्रम झाले होते. हे तिघे सुमारे चारशे किलोमीटरचा प्रवास करून पहिल्या दिवशीच्या कार्यक्रमाला गेले होते. प्रेक्षकांच्या मनगटांवरचे पट्टे दूरनियंत्रणाने एकाच वेळी उजळत आणि सारे मैदान रंग बदलत असे, हे तिघांनीही सांगितले. पण पुढे मतभेद सुरू झाले. एक म्हणे, अमुक गाणे सुरुवातीला झाले. दुसरा म्हणे, छे, शेवटी झाले. तिसऱ्याने मोठ्या पडद्यावर दाखविलेल्या एका वृद्ध श्रोत्याचे इतके सुरेख वर्णन केले की मीही ऐकत राहिलो. तेव्हा पुतण्या म्हणाला, “अरे, ते आपल्या दिवशी नव्हतंच. ते दुसऱ्या दिवशीचं. आपण मोबाईलवर पाहिलं.” २६ तारखेचा कार्यक्रम इंटरनेटवरून थेट दाखविला गेला होता, आणि या तिघांनी तो परतीच्या गाडीत बसून पाहिला होता. मित्र काही मान्य करीना. “मी तिथे होतो, मला माहीत नाही का?” असे तो पुन:पुन्हा म्हणत राहिला.

मी हसलो. प्राध्यापकी थाटात त्यांना स्मृतिदोषावर चार गोष्टीही सांगितल्या. माझ्यावरही तीच पाळी येणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

एकच मैफल, निरनिराळे कान

तिघांच्या कथनांत फरक का पडावा? पहिले कारण अगदी साधे, पदार्थविज्ञानातले आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बैठकीत गवयापासून तीन-चार मीटरवर बसलेल्याला सूर जवळजवळ त्याच क्षणी मिळतो. मैदानात रंगमंचापासून १२० मीटरवर उभ्या असलेल्याला मात्र ढोलावरची काठी आधी दिसते आणि आवाज सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाने मागाहून येतो. म्हणून अशा ठिकाणी मधल्या खांबांवर वेगळे ध्वनिवर्धक लावतात व त्यांना मुद्दाम तेवढाच उशीर देतात, म्हणजे पुढून येणारा आवाज आणि जवळचा आवाज एकत्र पोहोचावेत. मैदानाच्या दोन टोकांना उभे असलेले दोन मित्र अक्षरश: एकच गोष्ट ऐकत नसतात.

दुसरे कारण शरीराचे. रॉक मैफलीत खर्जाचा आवाज कानाइतकाच छातीवर आदळतो. मोठ्या आवाजाने कानाला कायमची इजा होऊ शकते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची मर्यादा सुचविली आहे. ऐकणारा जेव्हा सर्वांगाने ऐकतो तेव्हा त्याची आठवणही सर्वांगाची असते. गाण्यांचा क्रम तिच्यात असेलच असे नाही.

तिसरे कारण पूर्वतयारीचे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम झाला. जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी तो घडवून आणला. आरंभी रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवून घेतली, तोच रॉक संगीताच्या त्या श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटले, एक रचना संपली. रविशंकरांनी हसतमुखाने त्यांना जाणीव करून दिली की हे नुसते जुळवणे होते. त्या श्रोत्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. पहिल्यांदाच रॉक मैफलीला गेलेला आपल्यापैकी कोणीही कोठेतरी अशीच चुकीची टाळी वाजवील. आपण काय ऐकतो हे आपण कोणत्या सवयीने ऐकतो यावर अवलंबून असते.

‘मी होतो’ म्हणणाऱ्यांची गर्दी

एवढे मानले तरी एक प्रश्न उरतो. ऐकण्यात फरक पडेल. पण जे ऐकलेच नाही ते मनुष्य ऐकले म्हणून कसे सांगतो?

रॉक संगीताच्या इतिहासात याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ४ जून १९७६ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ या तेव्हा फारशा कोणाला माहीत नसलेल्या बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते चाळीसच्या आसपास. पुढे त्या श्रोत्यांतूनच काही नामांकित बँड निघाले व ती संध्याकाळ इतिहासात गेली. मग ‘मी तेथे होतो’ म्हणणाऱ्यांची संख्या हजारांवर गेली. अमेरिकेतील १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवाचेही असेच. तो वुडस्टॉक गावात झालाच नाही. तेथून साठ-सत्तर किलोमीटर दूर बेथेल येथे झाला. जिमी हेंड्रिक्सचे शेवटचे वादन ठरलेल्या रविवारी न होता १८ ऑगस्टच्या सोमवारी सकाळी झाले. तोवर सुमारे चार लाखांच्या गर्दीपैकी बहुतेक लोक घरी निघून गेले होते. पण पुढे चित्रपटात ते वादन जगाने पाहिले आणि पाहिलेले व अनुभवलेले यांची सरमिसळ होण्यास वाट मिळाली.

हे सगळे लोक लबाड होते काय? काही असतील. पण सगळे नव्हेत. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ अवकाशयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर व निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले की ही बातमी तुम्हांला कोठे, कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. सुमारे पाव विद्यार्थ्यांची उत्तरे सर्व मुद्द्यांवर चुकली, आणि तरीही अनेकांना आपल्या उत्तराची पक्की खात्री होती. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तरी मूळ आठवण परत आली नाही. स्मरण म्हणजे पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे. प्रत्येक वेळी सांगताना आपण ती नव्याने घडवितो, आणि घडविताना दुसऱ्याकडून ऐकलेले, चित्रात पाहिलेले, असावेसे वाटलेले असे सारे सामान वापरतो. खात्री हा खरेपणाचा पुरावा नाही.

माझी दुरुस्ती

ओट्यावरच्या त्या गप्पांनंतर दोन दिवसांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली. तिच्यात वडिलांच्या घरखर्चाच्या वह्या होत्या. वडील, म्हणजे आमचे अण्णा, कापडगिरणीत कारकून होते. पैशापैशाचा हिशेब ठेवीत. १९६२ ची वही मी मोठ्या हौसेने काढली. गणेशोत्सवातले ते पान सापडले. टांग्याचे पैसे, हाराचे पैसे, सकाळच्या जिलबीचे पैसे. आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ : “चि. बाळास ताप. घरीच ठेविला.”

बाळ म्हणजे मी.

मला वाटले, दुसऱ्या एखाद्या रात्रीची नोंद असेल. ताईला फोन केला. ती ऐंशीच्या घरात आहे, पण आवाज खणखणीत. ती म्हणाली, “अरे, तू कुठला रे मैफलीला? तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून तळमळत होतास. अण्णा पहाटे आले, तुझ्या उशाशी बसले आणि सगळं गाणं तुला गाऊन दाखवलं. गवसणी कसली होती, गवई पाणी कशातून पीत होते, सगळं. तू झोपेपर्यंत तुझ्या पाठीवर ठेका धरत होते.”

मी बराच वेळ काही बोललो नाही. तिचीही आठवण चुकीची असू शकते, हे मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला सुचले. पण वहीतली ओळ तिच्या बाजूने होती. गवसणी, फुलपात्र, उदबत्ती ही सारी अण्णांची. उदबत्ती बहुधा आमच्याच देवघरातली. माझे स्वत:चे असे एकच होते, ते म्हणजे पाठीवरचा हात.

प्रथम शरम वाटली. तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना मी खोटी साक्ष दिली होती. नंतर वाटले, त्या रात्रीची मैफल मी ऐकली नाही, पण अण्णांचे ऐकणे मी ऐकले. स्वत:ला गाता न येणाऱ्या कारकुनाने रात्रभर जागून घरी आणलेले गाणे आजारी मुलाच्या पाठीवर उतरविले, आणि ते इतके नीट उतरविले की मुलाला ते साठ वर्षे स्वत:चे वाटले.

मग साक्षीला किंमत काय?

किंमत आहे, आणि मोठी आहे. मुंबईच्या रंगभवनात मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ हा इंग्रज बँड वाजवून गेला; १९८६ पासून तेथेच ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा तरुण भारतीय बँडांचा महोत्सव सुरू झाला. शेजारी रुग्णालये असल्याने तो परिसर शांतता क्षेत्रात आला आणि त्या खुल्या रंगमंचावरचे असे कार्यक्रम पुढे बंद पडले. जुनी इंदूरच्या वाड्यांतील बैठकींचेही तेच; गाणारे गेले, वाडे पडले, ध्वनिमुद्रण बहुधा झालेच नाही. आता उरली आहे ती ऐकणाऱ्यांची आठवण. म्हणूनच ती जपून नोंदविली पाहिजे. त्यासाठी चार नियम सुचवितो.

१. ऐकलेल्या मैफलीची नोंद त्याच रात्री करावी. तारीख, ठिकाण, आपण कोठे बसलो होतो आणि बरोबर कोण होते हे आधी लिहावे.

२. मित्रांशी चर्चा करण्यापूर्वी लिहावे. चर्चेनंतर दुसऱ्याची आठवण आपल्या आठवणीत केव्हा मिसळते, ते कळत नाही.

३. ‘मी ऐकले’, ‘मी पाहिले’ आणि ‘मला नंतर कळले’ असे तीन रकाने करावेत. मोबाईलवर पाहिलेले तिसऱ्या रकान्यात जाते.

४. आठवण चुकीची ठरली तर ती लगेच टाकून देऊ नये. ती कोठून आली, कोणी दिली, हे शोधावे. कधी कधी तेथे मैफलीपेक्षाही मोलाचे काही सापडते.

यंदा स्नेहसंमेलनात गाणे होईल, बँडही वाजेल. घरी गेल्यावर वहीचे एक पान लिहून पाहा आणि तीन वर्षांनी, पदवी घेताना, न वाचता पुन्हा लिहा. दोन्ही पाने शेजारी ठेवलीत की मी वर्गात तासभर बोलून जे शिकवू शकलो नाही ते दहा मिनिटांत कळेल.

आणि ज्यांनी माझ्या वर्गात ती इंदूरची गोष्ट ऐकली आहे, त्या सर्व माजी विद्यार्थ्यांना विनंती की त्यांनी आपल्या वहीत एवढी दुरुस्ती करून घ्यावी : त्या रात्री सर मैफलीला नव्हते. सरांचे वडील होते.